लिफ्ट बंद आहे



स्मरणिका समितीच्या बैठकीत विषयांची वाटणी झाली. विहिरीचा इतिहास एकाने उचलला, वार्षिक सत्यनारायणाचा दुसऱ्याने, आणि गच्चीवरच्या कोजागिरीवर तर तिघांनी हक्क सांगितला. यादीत शेवटी 'लिफ्ट' एवढा एकच शब्द उरला आणि सगळे एकदम चहाकडे वळले. मी हात वर केला. त्याला दोन कारणं होती. मी जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला, आणि आपल्या सोसायटीत इतिहास म्हणावा असा लेखी पुरावा खरं तर लिफ्टचाच आहे : तक्रारीच्या तीन जाड वह्या. दुसरं कारण पुढे येईल. ते पंचवीस वर्षांच्या निमित्ताने एकदा लिहून टाकायचंच होतं.

तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी खिळ्याला जी पत्र्याची पाटी उलटी टांगलेली असते, ती सोसायटीच्या मालमत्तेतली सर्वांत जुनी वस्तू आहे. 'लिफ्ट बंद आहे' असं तिच्यावर तांबड्या रंगात लिहिलंय. गंमत म्हणजे ही पाटी लिफ्टच्याही आधीची. बिल्डरने इमारत ताब्यात दिली तेव्हा लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. चार मजल्यांची ती मोकळी उभी विहीर फळ्या मारून बंद केलेली होती. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "लिफ्ट खंय?" पहिले चेअरमन उत्तरं देऊन कंटाळले आणि पेंटरकडून पाटी करून आणली. जी वस्तू आलीच नाही ती बंद आहे असं जाहीर करणारी मालवणातली ही पहिलीच सोसायटी असावी.

त्या काळात आपल्याकडे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट कोणी घेत नसे. पिढ्यान्‌पिढ्या चिऱ्याच्या घरात राहिलेली, अंगणात पाय टाकणारी माणसं आपण. 'इतक्या उंचावर ऱ्हवतलो, आनि ती बंद पडली तर?' हा प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी वरचे फ्लॅट मुंबईच्या चाकरमान्यांनी घेतले, कारण त्यांना किल्ला दिसायला हवा होता. आम्ही खालचे लोक किल्ला रोजच पाहत होतो.

लिफ्ट आली, नारळ फुटला. आत पितळी पाटी : '६ व्यक्ती, ४०८ किलो'. म्हणजे माणशी ६८ किलो. लिफ्टच्या हिशेबात आपल्याकडे सरासरी माणसाचं वजन एवढं धरतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून आलेला माणूस बॅगा, फटाके आणि माटवीच्या सामानासकट किती भरतो, याचा विचार त्यात नसावा.

आता तात्यांबद्दल. दुसऱ्या मजल्यावरचे तात्या आता नाहीत. नव्या पिढीला ते आठवणारही नाहीत. मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी सारी नोकरी लिफ्टमन म्हणून केली. त्यांच्या उमेदीच्या दिवसांत लिफ्टला बटणं नव्हती. आत एक दांडा असे. तो एका बाजूला फिरवला की वर, दुसऱ्या बाजूला की खाली, आणि मजल्याच्या फरशीला डब्याची फरशी बरोबर लावून थांबवणं हे लिफ्टमनच्या हाताचं कसब. तात्या म्हणत, लिफ्ट चालवायला कोणीही शिकतो, थांबवायला वर्ष जातं. निवृत्त होऊन ते गावी आले, तर इथे आमची लिफ्ट त्यांची वाटच पाहत होती.

पहिल्याच पावसाळ्यात ती अडली. आम्ही सात-आठ जण तळमजल्यावर बटण दाबत उभे. कोणी म्हणालं मोटर जळली, कोणी म्हणालं बिल्डरने फसवलं. तात्या जिन्यावरून खाली आले, जाळीपाशी कान लावला आणि म्हणाले, "अरे, ती बंद पडूक नाय, ती थांबलीहा. बंद पडणा येगळा, थांबणा येगळा." मग जिन्याने एकेक मजला चढत गेले. तिसऱ्या मजल्यावर बाहेरचा दरवाजा बोटभर उघडा राहिला होता. त्यांनी तो ढकलला, आतून 'खट्' असा आवाज आला आणि लिफ्ट गुपचूप खाली आली.

हे वाक्य मी तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पुढे वाचत गेलो तसं कळलं की सगळ्या लिफ्टांचा इतिहास त्यात आहे.

वजन उचलणारी यंत्रं फार जुनी. आपल्या माडाच्या बागांना पाणी द्यायला लाट होतीच की. लांब वाशाच्या एका टोकाला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला बांधलेला धोंडा. माणूस भांडं खाली दाबतो, वर यायचं काम धोंडा करतो. उचलणं हा प्रश्न माणसाने केव्हाच सोडवला होता. सुटत नव्हता तो दोर तुटण्याचा प्रश्न. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरण्या-गोदामांतून माल वर जायचा, माणसं जिन्याने जायची. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स गावी पलंग बनवणाऱ्या कारखान्यात एलायशा ओटिस नावाचा कारागीर होता. त्याने १८५२ च्या सुमारास पाळण्याच्या वर गाडीला असते तशी पोलादी स्प्रिंग बसवली. दोर ताणलेला असेतो स्प्रिंग वाकलेली राहायची. दोर सैल पडला की ती सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या रुळांच्या दातांत रुतायची. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर उभा राहिला, उंच गेला आणि सर्वांदेखत दोर कापायला लावला. पाळणा जरासा खचला आणि थांबला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉवूट या पाच मजली दुकानात त्याची माणसांसाठीची लिफ्ट लागली, वाफेवर चालणारी. विजेवरची पहिली लिफ्ट जर्मनीत मॅनहाइमच्या प्रदर्शनात १८८० साली वर्नर फॉन सीमेन्सने दाखवली.

मुलांना मी नेहमी सांगतो, ओटिसने लिफ्ट शोधली असं लिहू नका. त्याने थांबणं शोधलं. गडबड झाली की यंत्राने काय करावं, याचं उत्तर त्याने ठरवून दिलं : जागच्या जागी थांबावं.

मुंबईने हे वेड लवकर उचललं. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. इंग्लंडात घडवलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ही इमारत, आणि तिच्यात वाफेची लिफ्ट होती असं सांगतात. याच हॉटेलात १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली. म्हणजे चित्रंही हलली आणि मजलेही! १९०३ च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडलं, त्यात जर्मन लिफ्ट होत्या. पुढे उंच इमारती वाढल्या, अपघातही झाले असणार, आणि १९३९ साली मुंबई प्रांताचा लिफ्ट कायदा आला. लिफ्ट उभारायला परवानगी, चालवायला परवाना, ठरावीक काळाने सरकारी निरीक्षकाची तपासणी. या कायद्याची जागा पुढे महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली, त्यात सरकते जिनेही आले. आपल्या लिफ्टच्या जाळीशेजारी काचेच्या चौकटीत जो कागद लावलाय, ज्याच्यावर मुलं मिशा काढतात, तो त्याच परंपरेतला. तात्यांनी तो परवाना सोसायटीच्या नोंदणीपत्राहून वर लावायला सांगितला होता. चेअरमननी ऐकलं नाही.

आता आपली लिफ्ट 'थांबते' कशी, ते तात्यांच्या पद्धतीने सांगतो. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मोटर आहे, तिच्यावर खोबणीचं चाक, चाकावरून पोलादी दोर. दोराच्या एका टोकाला आपण बसतो तो डबा, दुसऱ्या टोकाला भिंतीलगत सरकणारी लोखंडी वजनं. तोच लाटेचा धोंडा. वजनं किती, तर डब्याचं वजन अधिक भरतीच्या साधारण निम्मं. म्हणजे आत तीन माणसं असली की पारडी जवळजवळ सारखी. एकटाच माणूस असेल आणि ब्रेक हाताने सोडला, तर डबा खाली येत नाही, हळूहळू वर जातो! हे मला तात्यांनी तीनदा समजावलं. चौथ्यांदा, चौथ्या मजल्यावरचे काका वीज गेल्यामुळे मधे अडकले तेव्हा, डोळ्यांनी पाहिलं आणि पटलं. मेन स्विच बंद केला, एकाने ब्रेकची कळ धरली, दुसऱ्याने चाक, आणि काका वीत वीत करत वरच्या मजल्याला लागले. बाहेर येऊन म्हणाले, "देवाच्या दारात नेताय की काय!"

ब्रेकची गोष्टही उलटीच आहे. आपल्याला वाटतं वीज ब्रेक लावते. तसं नाही. ब्रेक स्प्रिंगने कायम लागलेलाच असतो. वीज आली की तो उघडतो, वीज गेली की आपोआप आवळतो. म्हणजे थांबणं ही लिफ्टची मूळ अवस्था, आणि चालायला तिला दरवेळी परवानगी लागते.

ही परवानगी देते एक साखळी. प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक कॉन्टॅक्ट, डब्याच्या जाळीला एक, सर्वांत वर आणि सर्वांत खाली डबा हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून लिमिट स्विच, वेग वाढला तर तोडणारा गव्हर्नरचा स्विच, खालच्या खड्ड्यात एक, आतलं तांबडं बटण. हे सगळे एकापुढे एक जोडलेले. गणपतीच्या आराशीला पूर्वी आपण बारीक दिव्यांची माळ लावायचो, आठवते ना? एक दिवा गेला की अख्खी माळ काळोखी, मग रात्रभर एकेक दिवा चाचपत बसायचं. लिफ्टची माळ मुद्दाम तशी केलेली आहे. कुठलाही एक दिवा विझला, लिफ्ट जागची हलणार नाही.

म्हणून तात्या पहिल्यांदा कान लावायचे. आत दिवा-पंखाच नाही, तर वीज किंवा फ्यूज बघा. दिवा आहे, पण बटण दाबल्यावर वरच्या पॅनलमधून काहीच आवाज नाही, तर साखळी कुठेतरी तुटलीय. दारांपासून सुरुवात करा, कारण दहातल्या आठ वेळा दारच असतं. पॅनल खटखटतं, मोटर घुमते पण डबा हलत नाही, तर मेन बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. तीनपैकी एक फेज गेली असेल किंवा ब्रेक उघडत नसेल, आणि घुमत ठेवलीत तर मोटर जळेल. यापुढचं काम आपलं नाही, हेही ते प्रत्येक वेळी बजावायचे. मशीन रूमची किल्ली मागायला आलेल्या उत्साही इंजिनिअर जावयांना त्यांनी जिन्यातूनच परत पाठवल्याचं मी पाहिलंय.

तीन वह्या मी या लेखासाठी पुन्हा वाचल्या. शहरातल्या सोसायट्यांत लिफ्ट का बंद पडते ते मला ठाऊक नाही. आपली का थांबली ते वह्यांत आहे. पहिली आरोपी खारी हवा. दाराच्या कॉन्टॅक्टची पितळी पट्टी पावसाळ्यात हिरवी पडते, वरून दार लागलेलं दिसतं, आतून जोडलेलं नसतं. आपण दार आपटतो, तिला राग येत नाही, पट्टी वाकते मात्र. दुसरा, आषाढातलं पाणी. जमिनीखाली दोन हात गेलं की आपल्याकडे विहीर लागते. लिफ्टचा खड्डा कसा कोरडा राहील? दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, तिसऱ्यांदा पंप बसवला. एका साली त्या खड्ड्यात बेडूक एवढे ओरडत होते की पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी ध्वनिप्रदूषणाची तक्रार नोंदवली आहे, वही क्रमांक १. तिसरी आरोपी पाल. पॅनलमध्ये ऊब असते, पाल आत जाते, कॉन्टॅक्टरच्या दोन पट्ट्यांमध्ये सापडते. ती मरते आणि लिफ्टही थांबते. आपल्या वह्यांत अशा पाच पाली आहेत.

मेकॅनिक तेव्हा कोल्हापूरहून यायचा, फोंडा घाट उतरून. कंपनीला फोन करायचा, निरोप पोचायचा, दोन दिवसांनी तो एसटीतून पिशवी घेऊन उतरायचा, आणि कधी कधी पाच मिनिटांत दाराची पट्टी घासून पुन्हा त्याच एसटीने परत. जेवून जा म्हटलं तर मात्र थांबायचा. आता आपल्याच जिल्ह्यातली आयटीआय झालेली मुलं तासाभरात मोटरसायकलवरून येतात, जेवत नाहीत.

खर्चाचं भांडणही वह्यांबाहेर ठेवता येणार नाही. तळमजल्यावरच्या काकूंचा पहिल्या सभेपासून सवाल : "मी लिफ्ट वापरीत नाय, मी पैसे कित्याक देऊ?" उपविधी स्पष्ट आहेत. ज्या इमारतीत लिफ्ट आहे त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी लिफ्टचा खर्च सारखा वाटून द्यायचा, वापरा अथवा वापरू नका. हे वाचून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, मग मी वापरणार. त्या दिवसापासून त्यांची सुकी सुंगटं गच्चीवर वाळायला लिफ्टने जाऊ लागली. वास चारही मजल्यांना सारखा वाटला गेला.

आता ते दुसरं कारण.

मी सेक्रेटरी होतो त्या पहिल्या खेपेची चतुर्थी. मुंबईहून तेवीस कुटुंबं आलेली. हरतालिकेच्या दिवशी लिफ्ट थांबली. मेकॅनिक आला, दिवसभर शोधत राहिला. कुठल्यातरी दाराचा कॉन्टॅक्ट मधूनच लागत होता, मधूनच सुटत होता. नवा भाग कोल्हापुरात, आणि सणाची सुट्टी. वरच्या मजल्यावरची माणसं दर अर्ध्या तासाने माझ्या दारात. सामान, म्हातारी माणसं, गुडघे. मी त्याला म्हणालो, "दोन दिवस काहीतरी कर बाबा." त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "सर, डायरेक्ट करता येतं, पण..." मी पणच्या पुढचं ऐकलं नाही. त्याने पॅनलमध्ये तारेचा एक तुकडा टाकून दारांची सगळी माळच परस्पर जोडून दिली. लिफ्ट चालू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक सात वर्षांचा मुलगा हातात ताट घेऊन लिफ्टमध्ये शिरत होता. एक पाय आत, एक बाहेर, दार उघडं, जाळी उघडी. चौथ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. लिफ्टला कोणी विचारलंच नाही की दार लागलंय का. विचारणारी माळ आम्ही बाजूला ठेवली होती. डबा वर निघाला. मुलाच्या मामाने त्याला मागून ओढला. ताट आत गेलं, मोदक विहिरीत पडले, आणि मुलाची एक चप्पल उंबरठ्यात सापडून दुमडली. एवढंच झालं. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. तो मोदकांसाठी रडत होता.

तात्या आले. चप्पल उचलली. कोणावर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "ही तार कोणी मारल्यान?" सगळे मेकॅनिककडे बघणार हे मला माहीत होतं, आणि तो तेव्हा घाट चढून घरी पोचलेला होता. मी गप्प राहिलो. संध्याकाळी तात्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं. ते म्हणाले, "माका ठावक होता. तो झील आपणहून करूचो नाय."

तार त्याच तासाला काढली. मेन बंद करून पाटी लावली. त्या चतुर्थीला सगळे जिन्याने चढले-उतरले. गणपती तर आपल्याकडे डोक्यावरूनच जातो, त्याला लिफ्ट नकोच होती. पुढच्या सभेत 'दारांचा कॉन्टॅक्ट कोणत्याही परिस्थितीत डायरेक्ट करू नये, पॅनलची किल्ली दोघांकडेच असावी, मेकॅनिकने केलेलं काम वहीत सहीनिशी लिहावं' असा ठराव झाला. तो आजही लागू आहे. ठरावाचं कारण मात्र इतिवृत्तात 'तांत्रिक बाब' असं लिहिलेलं आढळेल. अक्षर माझं आहे. इतिहासाच्या मास्तराने केलेली ती खोटी नोंद आज दुरुस्त करतो : तार टाकायला मी सांगितलं होतं. तो मुलगा आता स्वतः इंजिनिअर आहे. यंदा समारंभाला येणार आहे, त्यालाही हे मी सांगितलं नव्हतं.

तात्या त्यानंतर काही वर्षांनी गेले. तेव्हा लिफ्ट चालू होती, पण त्यांना मुलांनी जिन्यानेच खाली आणलं.

त्यांची आठवण मला सर्वांत जास्त आली ती तौक्तेच्या वेळी. १६ मे २०२१, रविवार. करोनाचे दिवस, त्यात चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून वर सरकलं. माड मोडले, खांब आडवे झाले, कौलं पानांसारखी उडाली. आपल्या इमारतीत आठवड्याहून अधिक दिवस वीज नव्हती. लिफ्ट ठणठणीत होती, पण विजेशिवाय ती म्हणजे कपाट. चौथ्या मजल्यावरच्या त्याच काकांना तोवर डायलिसिस सुरू झालं होतं. गेटपर्यंत गाडी आली तरी चार मजले उतरायचे कसे? प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, मास्क लावलेली चार पोरं, आणि काका. जाताना खाली, येताना वर. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी खांब उभे राहिले, तारा ओढल्या आणि दिवे आले. पोरांनी गच्चीवरून आरोळी ठोकली.

लिफ्ट हलली नाही.

दिवा होता, पंखा होता, दारं मी स्वतः एकेक दाबून पाहिली. पॅनलमधून काही आवाज नाही. लोक संतापले होते आणि ते साहजिक होतं. कोणीतरी म्हणालं, सर, आजच्या दिवस डायरेक्ट करूया, काकांना उद्या न्यायचंय. मी नाही म्हणालो, आणि माझ्याकडे लोक पाहू लागले, की या माणसाला झालंय काय. जिन्यात बसून तात्या असते तर काय केलं असतं याचा विचार करत होतो. तेवढ्यात वॉचमन आला : "सर, पंप चालू आहे तासभर, पण टाकीत पाणी चढत नाय."

पंप फिरतोय, पाणी चढत नाही. लिफ्ट हलत नाही. दोघंही तीन फेजवरचे. माझ्या डोक्यात नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या फिजिक्सच्या शिंदे... नावं घ्यायची नाहीत असं ठरलंय, तेव्हा फिजिक्सच्या सरांच्या डोक्यात दिवा पेटला. तारा नव्याने जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली असणार. तसं झालं की मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरत होता, म्हणून पाणी ढवळत होता, चढवत नव्हता. लिफ्टची मोटरही उलटी फिरली असती : वरचं बटण दाबावं आणि डबा खाली जावा. पण लिफ्टच्या पॅनलमध्ये फेजचा क्रम तपासणारा एक छोटा रिले असतो. क्रम उलटा दिसला की तो परवानगीच देत नाही. पंपाला असा कोणी राखणदार नव्हता, म्हणून तो बिचारा तासभर खुळ्यासारखा फिरत राहिला.

रात्री साडेनऊला वायरमन आला, मेन बंद करून दोन तारांची जागा बदलली. पंपाने पाणी चढवलं. लिफ्टमधून खट् आवाज आला. दुसऱ्या दिवशी काका लिफ्टने उतरले, आणि जाताना, मास्कमधून, "आज खुर्ची नको" म्हणाले. तिसऱ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे : 'फेज उलटे. लिफ्टचा दोष नाही.'

त्यानंतर आपण बॅटरीवरचं बचाव यंत्र बसवलं. वीज गेली तर ते डबा जवळच्या मजल्यापर्यंत नेऊन सोडतं. एवढंच त्याचं काम, पुढच्या वादळात आठवडाभर लिफ्ट चालवेल अशी समजूत कृपया करून घेऊ नका. कंट्रोलरही नवा आला. त्याच्या छोट्या पडद्यावर कुठली कडी सुटली याचा आकडा दिसतो, त्यामुळे कान लावायची गरज उरली नाही. मी मात्र अजून लावतो. आत कोणी अडकलं तर त्याच्याशी बोलत राहा, जाळी ओढू नका, दोन मजल्यांच्या मधून कोणालाही बाहेर खेचू नका, हे मात्र पडदा सांगत नाही. ते मुलांना आपणच सांगायचं.

जाळीचे दरवाजे अजून जुनेच आहेत. ते काढून आपोआप लागणारी दारं बसवण्याचा खर्च येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. सभासदांनी विरोध करण्यापूर्वी माझ्या घरी यावं. ती चप्पल माझ्याकडे आहे, दाखवीन.

पाटी बदलावी का, अशीही सूचना आली होती. समितीने ती फक्त पुन्हा रंगवायचं ठरवलं आहे. रंगवायला काढली तेव्हा तिच्या पाठीमागे पेन्सिलने, बहुधा पहिल्या चेअरमनच्या हाताने, 'दार पाहा' असं लिहिलेलं सापडलं. ते तसंच ठेवलंय.

लेख द्यायच्या आदल्या दिवशी वहीत झालेली शेवटची नोंद, पहिल्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलीच्या अक्षरात : 'सकाळी ७.१०. लिफ्ट थांबली. दुसऱ्या मजल्यावर दारात दुधाची पिशवी अडकली होती. काढली. चालू.'